तुलनेची शाळा

मिनिटकाका हे नाव त्यांना मुलांनी ठेवलं होतं. एका संस्थेसाठी ते शाळाशाळांतून फिरून मुलांच्या वाचनाची पाहणी करत. गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच, बगलेत कागद लावलेलं पॅड, कानामागे पेन्सिल. एकेका मुलाला एकेकटं समोर बसवायचं, पुढे एक उतारा ठेवायचा आणि 'वाच' म्हणून घड्याळ सुरू करायचं. चुकलेल्या शब्दावर आडवी रेघ, मिनीट संपेल तिथे उभी रेघ. झालं. शाबासकी द्यायची नाही, मान डोलवायची नाही, भुवईसुद्धा उंचावायची नाही. मूल एखाद्या शब्दापाशी अडून बसलं तर मनात तीन मोजायचे आणि एकच शब्द बोलायचा, "पुढे."

हे काम त्यांना सत्तावन्नाव्या वर्षी मिळालं. त्याआधी सव्वीस वर्षं ते एका छापखान्यात प्रुफं तपासत होते. छापखाना बंद पडला तेव्हा मालकानं सगळ्यांचा निरोप घेतला आणि यांचा घ्यायचा विसरला, कारण हे कोपऱ्यातल्या टेबलाशी शेवटचं प्रूफ वाचत बसले होते. स्वभाव असा की चालताना खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीची माफी मागतील. रांगेत कुणी पुढे घुसलं तर हेच ओशाळून बाजूला होतील.

बायको म्हणायची, "जगात मुलांसमोर गप्प बसायची नोकरी निघाली, आणि ती बरोबर तुमच्या वाट्याला आली. देव आहे म्हणायचा."

"अगं, गप्प बसणं सोपं नसतं."

"मला सांगताय? मी तीस वर्षं तुमच्याबरोबर काढली."

संस्थेचं काम असं होतं : एका ट्रस्टनं मुलांना वाचायला शिकवण्याचा एक कार्यक्रम तयार केला होता. शाळेत गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी यायची, आणि रोज दीड तास एक जादा बाई येऊन मागे पडलेल्या मुलांना घेऊन बसायच्या. हा कार्यक्रम खरंच उपयोगाचा आहे की नाही, ते संस्थेनं पाहायचं. त्यासाठी चाळीस शाळा घेतल्या, चाळीस चिठ्ठ्या एका बादलीत टाकल्या, आणि सगळ्या मुख्याध्यापकांच्या देखत उचलल्या. वीस शाळांना कार्यक्रम मिळाला. उरलेल्या वीस तुलनेच्या शाळा. त्यांना यंदा काही नाही, फक्त वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी पाहणी. वर्षभर अभ्यासात राहिल्या तर पुढच्या वर्षी पेटी आणि बाई त्यांच्याकडे.

बायकोला हे पटेना. मिनिटकाकांनी तिला गॅलरीतल्या दोन कुंड्या दाखवून समजावलं. "हिला खत घातलं आणि झाड वाढलं, तर ते खतानं वाढलं की नुसतं उन्हानं, हे कसं कळणार? म्हणून दुसरी कुंडी तशीच ठेवायची. दोघींना ऊन सारखं, पाणी सारखं. मग जो फरक पडेल तो खताचा."

"आणि बिनखताच्या कुंडीनं काय गुन्हा केला?"

"काही नाही. तिची चिठ्ठी तशी निघाली."

"वा! म्हणजे पोरांचं नशीब बादलीत."

मिनिटकाका चष्मा पुसू लागले.

त्यांची लेक शिक्षिका होती. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्यावर घरात बोलायचं नाही हे तिघांनी न ठरवता ठरवलं होतं. पहिली पाहणी झाल्यावर दोन महिन्यांनी तिची बदली झाली ती नेमकी एका तुलनेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गावर. एकोणीस मुलं. मिनिटकाकांनी दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन मोठ्या मॅडमना ते सांगितलं. मोठ्या मॅडम वयानं त्यांच्या लेकीएवढ्याच होत्या; आकडेमोडीतलं मोठं शिक्षण घेऊन आलेल्या, म्हणून मोठ्या. त्या म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत काका. शक्यतो तुम्हाला त्या शाळेत पाठवणार नाही."

लेक घरी आली की चहाबरोबर वर्ग यायचा. ही तिची जुनी सवय. पर्स खुंटीला लावायच्या आत ती एखाद्या पोराचा आवाज काढायला लागायची. गोळी चघळत वाचणारा, नाकातून वाचणारी, पूर्णविराम दिसला की दचकणारा. बायको पदरानं डोळे पुसेपर्यंत हसायची. मिनिटकाका हसले की त्यांचे फक्त खांदे हलत.

वर्गात एक मुलगी होती. पेन्सिलीचं डोकं सतत कुरतडायची म्हणून लेक तिला खारूताई म्हणायची. आई-बाप इमारतींच्या कामावर, एक इमारत संपली की दुसरीकडे. खारूताईची ही चौथी शाळा होती. पहिल्या पाहणीत तिच्या कागदावर शून्य होतं. लेक सांगे, "बाबा, तिला 'क' दाखवला तर ती माझ्या तोंडाकडे बघते. मी ओठ कसे हलवते ते. अक्षराकडे बघतच नाही." हे सांगताना ती कुणाचा आवाज काढत नसे.

वर्ष संपत आलं आणि मिनिटकाकांवर एक संकट आलं. दुसऱ्या पाहणीआधी संस्थेत सगळ्या पाहणीवाल्यांची परीक्षा असे. एकाच मुलाचं वाचन सगळ्यांना ऐकवायचं, प्रत्येकानं रेघा मारायच्या, आणि कुणाच्या रेघा किती जुळतात ते बघायचं. शंभरात नव्वद जुळल्या पाहिजेत. नाहीतर एक मूल एकाच्या हाताखाली हुशार आणि दुसऱ्याच्या हाताखाली ढ ठरायचं. मिनिटकाकांच्या जुळल्या त्र्याऐंशी. कारण प्रुफांची खोड. मूल चुकलं आणि लगेच स्वतःच सुधारलं तर नियमानं तो शब्द बरोबर धरायचा. यांचा हात मात्र सव्वीस वर्षांच्या सवयीनं चूक दिसली की रेघ मारून मोकळा. आठवड्यानं पुन्हा परीक्षा, आणि त्यात नापास झाले तर घरी.

सराव करायचा तर संस्थेनं दिलेला सरावाचा उतारा त्यांना एव्हाना पाठ झाला होता. पाठ झालेल्या मजकुरात चूक ऐकू येत नाही, हे प्रुफं तपासणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. त्या दिवशी ऑफिसात खऱ्या उताऱ्याचे कागद पाकिटांत भरायचं काम त्यांच्याकडेच होतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता एक कागद उचलून घडी घालून खिशात ठेवला. घरी पोचेपर्यंत तो खिसा त्यांनी हातानं झाकून धरला होता.

सुट्टीच्या सकाळी त्यांनी लेकीला समोर बसवलं. "हे वाच. आणि हे बघ, हा कागद कुणाला दाखवायचा नाही हं."

"नाही दाखवत. पण कशाला?"

"सराव आहे. चुका करून वाच. तुझ्या वर्गातली मुलं वाचतात तसं."

उतारा साठ शब्दांचा होता. एका टपालवाल्याकडे एक शेळी होती, तिला कागद फार आवडे. एक दिवस तिनं एका आजीचं पत्र खाल्लं. मग टपालवाला शेळीलाच घेऊन आजीकडे गेला आणि म्हणाला, तुमचं पत्र आणलंय, फक्त ते आत आहे. लेक आधी गोळी चघळत वाचून दाखवू लागली, मग नाकातून, मग दचकत. मिनिटकाका घड्याळ धरून रेघा मारत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मग ती म्हणाली, "आता खारूताई," आणि कागद पुढे धरून नुसती बसली.

मिनिटकाकांनी मनात तीन मोजले. "पुढे."

ती बसलेलीच.

"पुढे... पुढे..."

"अहो, पुढे काय पुढे!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "बसचे कंडक्टर झालात की काय?"

पण लेक हसली नाही. मिनीट संपेपर्यंत ती तशीच कागदाकडे बघत बसली, आणि मग म्हणाली, "अशी वाचते ती." कागद परत देताना एवढंच बोलली, "गोष्ट छान आहे, बाबा."

आठवड्यानं मिनिटकाकांच्या चौऱ्याण्णव जुळल्या. कागद त्यांनी चुपचाप परत पाकिटात घातला. त्यांना वाटलं, प्रकरण मिटलं.

पाहणी सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी लेकीच्या शाळेवर ज्यानं जायचं त्याचा जिन्यात पाय मोडला. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मोठ्या मॅडमनी फोन केला. "काका, नाइलाज आहे. मुलीला खोलीत येऊ देऊ नका, आणि निकाल सांगू नका. मी नोंद करून ठेवते."

शाळेत त्यांना सामानाची खोली मिळाली. मोडके बाक, गुंडाळलेले नकाशे, एका खिडकीला काच नाही. त्यांनी टेबल पुसलं, लहान खुर्ची समोर ठेवली आणि पहिल्या मुलाला बोलावलं. उतारे दोन होते. पहिला शेळीचा, दुसरा छत्रीचा. प्रत्येक मुलानं दोन्ही वाचायचे.

पहिल्या मुलानं शेळी चाळीस सेकंदांत वाचून टाकली. मिनिटकाकांना आतून इतका आनंद झाला की तोंडावर दिसू नये म्हणून त्यांनी गाल आतून चावून धरला. माझ्या लेकीचा वर्ग! दुसरी मुलगीही फडाफडा वाचून गेली. तिसरा मुलगा वाचता वाचता त्यांच्याकडे बघून हसला, आणि हसताना त्याचं वाचन थांबलं नाही.

मिनिटकाकांनी चावलेला गाल सोडला.

चौथ्या मुलानं 'फक्त ते आत आहे' हे शेवटचं वाक्य पानाकडे न बघता म्हटलं. पाचवीनं टपालवाल्याचा आवाज काढला, आणि तो आवाज हुबेहूब लेकीचा होता. छत्रीच्या उताऱ्यावर मात्र हीच मुलं एकेका अक्षराला अडखळत होती. मिनिटकाका नियमानं रेघा मारत राहिले.

खारूताई अकरावी आली. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. खुर्चीवर बसली, पाय जमिनीला पोचेनात. तिच्यापुढे पहिला उतारा ठेवल्याबरोबर तिनं बोट ठेवलं आणि सुरुवात केली. साठच्या साठ शब्द. बोट एकेका शब्दाखालून सरकत होतं, पण शब्द संपायच्या आधी बोट ओळीच्या शेवटी पोचायचं आणि तिथे वाट बघत थांबायचं. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली. तो चेहरा मिनिटकाकांना पुढे कधी विसरता आला नाही. कुणीतरी पहिल्यांदा आपल्या घराचं दार आपणच उघडावं, तसा होता तो.

मान डोलवायची नाही. त्यांनी ती डोलवली नाही. दुसरा उतारा पुढे ठेवला. "वाच."

खारूताईनं छत्रीच्या पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "एका टपालवाल्याकडे एक शेळी होती."

बोट छत्रीवरून चाललं होतं, ढगांवरून, छत्री विसरलेल्या मुलावरून. तोंडानं शेळी पत्र खात होती. मिनिटकाकांनी मनात तीन मोजलेच नाहीत. ती थांबलीच नव्हती. मिनीट संपलं तेव्हा त्यांनी घड्याळ दाबलं, आणि त्या कागदावर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकेक आडवी रेघ मारली. सव्वीस वर्षांत इतक्या रेघा त्यांनी एका पानावर कधी मारल्या नव्हत्या.

"बरोबर वाचलं ना मी?" तिनं विचारलं.

हे विचारलं तर काय म्हणायचं, तेही छापलेलं होतं. "तू छान प्रयत्न केलास," ते म्हणाले.

मधल्या सुट्टीत लेक व्हरांड्यात उभीच होती. "बाबा, सांगू नका, मला माहितेय सांगायचं नसतं. पण तिनं वाचलं ना? उड्या मारत आली वर्गात. म्हणते, दोन्ही वाचले." मग तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "अहो, डोळे भरलेत तुमचे!" आणि ती स्वतःच रडायला लागली, आनंदानं. "बाबा, खूप कष्ट घेतले हो तिनं. रोज शाळा सुटल्यावर घेऊन बसत होते. सुरुवात मुद्दाम शेळीपासून केली, म्हटलं गोष्ट आवडली तर अक्षरं आपोआप..."

"शेळीपासून?"

"तुमचीच शेळी. सगळ्या वर्गाला वेड लागलं होतं तिचं. फळ्यावर लिहून ठेवली होती."

"तुला म्हटलं होतं मी, कुणाला दाखवायचं नाही."

"मी कुठे दाखवलं? कागद तुम्हालाच परत दिला की. मी सांगितली." बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. "का हो? काय झालं?"

"आजचा उतारा तोच होता."

व्हरांड्यात मुलं पळत होती. एकानं येऊन बाईंचा हात ओढला, तिनं न बघता तो सोडवून घेतला.

"पण ती वाचते, बाबा," ती म्हणाली. "काल फळ्यावरचं घडाघडा वाचलं तिनं."

"फळ्यावर काय होतं?"

लेकीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि दुसऱ्या उताऱ्याचं काय झालं ते तिला न विचारता कळलं. काहीही चेहऱ्यावर न दाखवण्याची त्यांना सवय होती, पण ती परक्या मुलांपुढे.

मग ती हळूच म्हणाली, "सांगू नका कुणाला. माझ्यासाठी नाही म्हणत. पुढच्या वर्षी आमची पाळी आहे. पेटी येणारे, जादा बाई येणारेत. रोज दीड तास, बाबा. मला वर्गात एकोणीस जणांत तिच्यासाठी वीस मिनिटं निघत नाहीत. सांगितलंत तर शाळा काढून टाकतील, आणि पाळीही जाईल. तिला त्याचीच गरज आहे."

घंटा झाली. मिनिटकाकांनी उरलेल्या आठ मुलांची शेळी ऐकली.

पाहणीचं पाकीट दोन दिवसांत ऑफिसात जमा करायचं असे. ते दोन दिवस ते घरातल्या फळीवर होतं, आणि तिघं त्याच्याखालून ये-जा करत होती. लेक काही बोलली नाही. बायको बोलली.

"एक शाळा मुकाट राहिली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"अगं, त्या मुलांचे आकडे खोटे मोठे आहेत. तुलनेच्या शाळाच चांगल्या वाचायला लागल्या असं दिसलं तर कार्यक्रमाचा फरक कमी दिसेल. उद्या म्हणतील, उपयोग नाही याचा. बंद करा. सगळ्यांचाच बंद."

"एकोणीस पोरांनी एवढा बंद पडेल?"

"माहीत नाही."

"मग?"

"माहीत नाही म्हणूनच," मिनिटकाका म्हणाले. चष्मा काढून ते पुसत बसले. मग म्हणाले, "खारूताईच्या कागदावर साठ लिहिलंय मी. माझ्या अक्षरात. साठ शब्द वाचणाऱ्या पोरीकडे उद्या कोण लक्ष देणार? तिला येतं, असंच धरून चालणार सगळे."

"आणि शाळा काढून टाकली तर लक्ष देणारेत?"

बायकोनं तोंड फिरवलं आणि भांडी घासायला लागली, गरज नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाकीट घेऊन मोठ्या मॅडमच्या समोर जाऊन बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कागद कसा उचलला, कोणत्या खिशात ठेवला, सगळं. लेकीचा दोष नाही, हे तीनदा सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"काका," त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं."

"हो."

"म्हणजे, दुसऱ्या उताऱ्यात तफावत दिसली असती, पण मी म्हटलं असतं, मुलं दमली."

"त्यांची पुन्हा पाहणी घ्या ना. दुसरा उतारा देऊन. मी नको, दुसऱ्या कुणालातरी पाठवा."

मॅडमनी नाही म्हटलं. तिसरा उतारा तपासून तयार नव्हता, आणि शाळा आठवड्यात बंद होणार होत्या. "आणि चाळिसात एकाच शाळेला दुसरी संधी दिली, तर तोही पक्षपातच. मला ती शाळा वगळावी लागेल. तुम्हालाही... समजून घ्या."

"माझं जाऊ द्या. त्यांची पुढच्या वर्षीची पाळी?"

मॅडम कागद सरळ करत राहिल्या. "ती यादी ट्रस्टकडे असते. शेवटपर्यंत अभ्यासात राहिलेल्या शाळांची. मी पत्र लिहीन काका. मनापासून लिहीन."

त्यांनी ते खरंच लिहिलं. ट्रस्टकडून उत्तर आलं की नियमाला अपवाद करता येत नाही.

त्या संध्याकाळी मिनिटकाकांनी लेकीला स्वतः सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "जायच्या आधी मला एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते. पण विचारलं असतंत."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलायची थांबली असं नाही. औषध घेतलंत का, पंखा बंद करू का, उद्या पाणी येणार नाही, सगळं बोलायची. फक्त वर्ग घरी यायचा थांबला. पर्स खुंटीला लागायची, चहा व्हायचा, आणि कपात चमचा वाजला तरी ऐकू यायचा. बायको एकदा न राहवून म्हणाली, "अगं, तो गोळीवाला काय म्हणतो?" लेक म्हणाली, "बरा आहे." बायको पुन्हा विचारायच्या भरीस पडली नाही.

निकाल लागला. कार्यक्रमाच्या शाळांतली मुलं खरोखरच पुढे गेली होती. फरक चांगला होता, कार्यक्रम चालू ठेवायचं ठरलं. एकोणीस तुलनेच्या शाळांना पेट्या गेल्या. मोठ्या मॅडमनी अहवालाची एक प्रत मिनिटकाकांच्या पत्त्यावर पाठवली. आत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. त्यांनी तो प्रूफ वाचावं तसा ओळीखाली पट्टी धरून वाचला. एकतिसाव्या पानावर एक ओळ होती : 'एका शाळेतील माहिती विश्वासार्ह न आढळल्याने विश्लेषणातून वगळली आहे.' आपली शाळा धरली असती तर निकाल बदलला असता का, ते कुठे दिलेलं नव्हतं. त्यांनी ते तीन वेळा शोधलं.

अहवाल टेबलावर राहिला. लेकीनं तो उचलला, उघडला, नेमकं ते पान काढलं.

"विश्वासार्ह नाही," ती म्हणाली. "कोण? पोरं?"

"माहिती, गं."

"माहिती म्हणजे पोरंच ना. एकोणीस आहेत ती. एक शाळा काय?" तिनं अहवाल मिटून जागच्या जागी ठेवला, कडेला कड जुळवून.

पुढच्या वर्षी शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. मिनिटकाका आता घरीच असत. रोज संध्याकाळी विचारायचं ठरवत आणि चहा संपेपर्यंत धीर गोळा करत, तोवर लेक उठून जायची. एक दिवस चहा संपायच्या आत त्यांनी विचारलं.

"खारूताई कशी आहे?"

लेकीनं कप खाली ठेवला. "ती नाहीये."

"म्हणजे?"

"सुट्टीतच गेली. इमारत संपली, ती माणसं गेली. दाखला न्यायलासुद्धा कुणी आलं नाही. मी चार ठिकाणी विचारलं. कुणी म्हणतं नदीपलीकडे काम निघालंय, कुणी म्हणतं गावी गेली."

बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"तुमचं पाकीट गेलं ना, त्यानंतर सात दिवस शाळा होती," लेक म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती. "ते सात दिवस मी तिला घेऊन बसले. शेळी पुसून टाकली. एकेक अक्षर, सुटं. रडायची. म्हणायची, बाई, मला वाचता येतं, मी त्या काकांना वाचून दाखवलंय. मी म्हटलं, हो गं, येतं तुला. तरी पुन्हा करू." ती थांबली. "शेवटच्या दिवशी तिला नऊ अक्षरं येत होती. खरी. कुठेही लिहा, कशीही फिरवा, ओळखायची."

"नऊ," मिनिटकाका म्हणाले.

"नऊ. नव्या शाळेत घातलं असेल तर तिथल्या बाईंना कोण सांगणार की नऊ येतात? त्या पुन्हा पहिल्यापासून धरतील. नाहीतर धरणारच नाहीत." तिनं कप दूर सारला. "कुठली नऊ ते तरी मी तिच्या वहीवर लिहून द्यायला हवं होतं. तेवढं माझ्या डोक्यात आलं नाही, बाबा."

कितीतरी दिवसांनी ती त्यांच्यापाशी शाळेचं बोलली होती. मिनिटकाकांनी हात पुढे केला आणि तिच्या हाताजवळ टेबलावर ठेवला, तिच्या हातावर ठेवायचा धीर झाला नाही. तिनं आपला हात काढून घेतला नाही. तशीच दोघं बसून राहिली, आणि बायकोनं पुढे होऊन दोन्ही कप उचलले.